लाल दिसायला हवं होतं

फोटोत लाल नव्हतं.

रविराजनं सांगलीहून कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा फोटो पाठवला होता. सोबत लिहिलं होतं, ‘काजींचा आवाज फाटतोय. दुसऱ्या माईकचा हाय का?’ शिफानं फोटो मोठा केला. वर काजी, वकील, साक्षीदार. खाली क्लिपांच्या पट्ट्या. रविराजच्या पट्टीखाली तिची पट्टी, आणि ती सगळी लाल दिसायला हवी होती. फाइल सापडत नाही, एवढंच सांगणारा लाल.

तिथं मेंदीचे हात होते. नखाएवढे, पण हात.

*

त्यांची कामाची पद्धत अशी. निकाहात पुरुषांकडचं शूटिंग रविराज करतो, बायकांकडचं शिफा. बायकांकडचं कुठलाही पुरुष बघणार नाही, हा शब्द ती आधी नवरीच्या आईला देते, मग कॅमेरा बाहेर काढते. फलटणमध्ये कॅमेरावाले गल्लोगल्ली आहेत. शिफाला बोलावतात ते या शब्दासाठी.

एडिटिंग मात्र एकाच प्रोजेक्टमध्ये, कारण ‘कबूल’ दोन्हीकडे ऐकू जातं. आधी शिफा फलटणला आपल्या लॅपटॉपवर सगळं जोडते. मग प्रोजेक्ट हार्डडिस्कवरून सांगलीला जातो, रविराजच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, त्याच्या भागाच्या रंगासाठी आणि आवाजासाठी. बायकांच्या फाइली ती मागे ठेवून घेते. त्याच्याकडे तेवढ्या जागा लाल. प्रोजेक्ट परत आला की तिच्याकडे त्या पुन्हा भरतात.

या वेळचं लग्न फरीदाखालांच्या मुलीचं होतं.

*

रविराजचा फोन आला. तिनं उचलला नाही. सांगलीची एसटी पकडली.

लग्नात जेवायला बसले तेव्हा माझी बॅग कुणाजवळ होती? त्याच्याजवळ.

लॅपटॉप बिघडला तेव्हा दुरुस्तीवाला कुणी सुचवला? त्यानंच.

दहिवडी आली. त्याचं मूळ गाव. पुन्हा त्याचा फोन. एवढी घाई कशाची? चोराला कळलं असेल, फोटोत काय गेलंय ते.

किंवा माझंच काही

हा विचार तिनं विट्यापर्यंत पुरा केला नाही. पुढेही नाही.

*

सांगली. दार आतून बंद.

“कोन हाय?”

“मावशी, मी शिफा. फलटणची.”

रविराजच्या आईनं, सुलाबाईंनी, कडी काढली. आत रविराज नव्हता. टेबलावर कॉम्प्युटर होता आणि स्क्रीनवर काळी घोंगडी, खालपर्यंत ओढलेली. समोर खुर्ची.

“हे का झाकलंय?”

“मला काय ठावं? पोरगं म्हनलं, आये, हितंच बस, कुनाला हात लावू देऊ नगंस. जलमभर मेंढरं राखली, आता ह्ये राखतीया. बरं हाय, चरायला तर जात न्हाई कुटं.”

“तो कुठाय?”

“भाईर उबा ऱ्हातो म्हनला. सोताच्या घरात यीना झालाय.”

शिफानं घोंगडी उचलली. मेंदीचे हात. चेहरे. हळदीची गाणी, पदर खांद्यावर, केस सुटलेले.

*

तिनं हार्डडिस्क उघडली. मोठ्या फाइली नव्हत्या. त्या फलटणलाच होत्या. पण प्रोजेक्टच्या फोल्डरात आणखी एक फोल्डर होता. तिचा जुना लॅपटॉप मोठ्या क्लिपा ओढत नव्हता, म्हणून या वेळी पहिल्यांदाच तिनं सगळ्यांच्या हलक्या, धूसर प्रती करून घेतल्या होत्या. त्या प्रोजेक्टच्या पोटातच बसल्या आणि पोटातूनच सांगलीला आल्या. रविराजच्या कॉम्प्युटरला मूळ फाइली सापडल्या नाहीत, तेव्हा कॉम्प्युटरनंच मुकाट्यानं त्या प्रती दाखवल्या.

धूसर म्हणजे किती? ओळखू येण्याइतपत स्वच्छ.

*

रविराज आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“फोन का उचलत न्हाईस गं? दिसलं तसं करतोय फोन.”

“किती बघितलंस?”

“आवाज ऐकायला पुढं सरकवलं, तवा एक बाई आली. डोक्यावर पदर न्हवता. हसत हुती. लगीच झाकलं.”

“एकच?”

“एकच.”

“कॉम्प्युटर बंद का नाही केलास?”

“करायला पुना त्याच्याकडं बघावं लागलं असतं की.”

खरं असू शकतं. खोटंही. क्लिप कुठं थांबवली ते दाखवणारी स्क्रीनवरची उभी रेघ हसणाऱ्या बाईवर होती. पण रेघ काय, कुणीही कुठंही आणून ठेवावी.

“माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?”

“खालांना काय सांगू ते बघतेय.”

“नगं सांगू. कुनाला कळतंय?”

“गप ए,” आतून सुलाबाई म्हणाल्या.

*

“खाला, शिफा बोलतेय. तुम्हाला दिलेला शब्द मोडला.”

तिनं सगळं सांगितलं. हलक्या प्रती, तिची चूक, एक बाई.

“कोण होती?” फरीदाखालांनी विचारलं.

“तुम्हीच, खाला. हसत होतात.”



“माझं मी बघीन. पण आमच्या जावा, नणंदा, शेजारणी होत्या. त्यांना काय सांगू? एकच बघितली म्हणून? तो म्हणतो म्हणून?”

फरीदाखालाच पुढे म्हणाल्या,

“धाकट्या जावेच्या अल्फियाचं लग्न ठरलंय. शूटिंगचं तुलाच सांगणार होते.” मग, “बघू,” आणि फोन बंद.

*

शिफानं तो फोल्डर पुसला. कचरापेटीही रिकामी केली. प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडला. क्षणभर काहीच नाही. मग तिची पट्टी एका टोकापासून लाल होत गेली. हात गेले, केस गेले, फरीदाखाला गेल्या. फाइल सापडत नाही. फाइल सापडत नाही. फाइल सापडत नाही.

“झालं न्हवं?” सुलाबाई घोंगडीची घडी घालायला लागल्या. “आता ईऊ दे का त्याला आत?”

“येऊ दे,” शिफा म्हणाली. तिनं त्यांच्या हातातून घोंगडी घेतली आणि त्या लाल पट्टीवर परत खालपर्यंत ओढली.