शेंदूर थापलेला तांबडा कंदील

मी एक जुना, तांबड्या काचेचा पत्र्याचा कंदील आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! आज मी गॅरेजच्या खुंटीवर धूळ खातो आहे, पण एके काळी बांबूने भरलेला अख्खा ट्रक माझ्यावाचून हलत नसे.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, एका टिनवाल्याने मला घडवले. ते दिवस एकोणीसशे पन्नासनंतरचे. आलापल्लीच्या जंगलातून बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू जायचा. बांबूची टोके ट्रकच्या मागे लांब बाहेर यायची आणि ट्रकचा स्वतःचा मागचा दिवा त्यांच्याखाली झाकून जायचा. कायदा सांगायचा, गाडीला पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा. आणि माल बाहेर आला, तर त्याच्या शेवटच्या टोकाला तांबडा. म्हणजे मागून येणाऱ्याला अंधारातही कळते, की पुढे गाडीची पाठ आहे, जरा दमाने घ्यावे. ते शेवटचे टोक ही माझी जागा! ड्रायव्हर देवाजी मला तिथे बांधताना म्हणायचा, "तू हायस म्हणून मी हाय, राजा." मी अगदी फुशारून जायचो.

पण माझी खरी निगा राखायची ती त्याची बायको मनकर्णा. रोज राखेने काच घासून लख्ख करायची. तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच!

एका दसऱ्याला देवाजीची आई शकुबाई हिने ट्रकची पूजा केली. भोळी म्हातारी! तिला वाटले, दिवा तांबडाच हवा ना, मग आणखी तांबडा करू. तेलात कालवलेला शेंदूर तिने माझ्या काचेवर जाडजूड थापला. मी मारुतीरायासारखा लालबुंद झालो. सगळ्यांनी हात जोडले. मीही मनात म्हटले, वा रे माझा थाट!

दुसऱ्या दिवशी देवाजी आणि मनकर्णा बांबू घेऊन निघाले. शकुबाई आणि देवाजी-मनकर्णेची चिमुकली लेक प्रेमिला मजुरांच्या ट्रकमधून मागून येणार होत्या. जंगलातल्या वळणावर आमचे टायर फुटले. दिवस बुडाला होता. देवाजीने घाईने माझी वात पेटवली आणि तो चाकाकडे धावला. मी आत जळत होतो, पण बाहेर उजेडाचा कण पडेना. लाज वाटली हो मला!

मनकर्णा मागे आली आणि ओरडली, "अवो, कंदील दिसतच नाई!"

तेवढ्यात मागच्या ट्रकची घरघर ऐकू आली. तिने पदर ओढला.

"अवं, पुसू नको!" देवाजी घाबरला. "मायच्या हातची पूजा हाय. देव कोपंल."

"देवाची माफी मी मागीन. मागं माही प्रेमिला हाय!"

तेलकट शेंदूर लवकर सुटेना. काच तापलेली. तिची बोटे पोळत होती, पण ती बाई काही थांबली नाही. अखेर तळहाताएवढी काच मोकळी झाली आणि मी जीव ओतून चमकलो. मागचा ट्रक करकचून ब्रेक लावत थांबला. बांबूची टोके त्याच्या समोरच्या काचेपाशी आली होती.

प्रेमिलेला छातीशी धरून शकुबाई खाली उतरली. मनकर्णेने मान खाली घातली. "माय, तुमची पूजा म्या पुसली."

शकुबाईने बांबूच्या टोकाला हात लावून पाहिला. सुनेची पोळलेली बोटे पाहिली. मग स्वतःचा पदर हातात घेतला.

"सरक पोरी. कोपऱ्यात अजून राह्यला हाय. तेवढा मले पुसू दे."

मित्रांनो, शेंदूर लावा, हार घाला, मला ते आवडतेच. पण तुमच्या ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या मागच्या तांबड्या काचेवरून आधी फडके फिरवा. मागून कुणाची तरी लेक येत असते.