डायरेक्ट

'डायरेक्ट' हा शब्द ऐकला की योगिताच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वायरमनच्या धंद्यात दिवसभर तोच शब्द. काही सारखं बंद पडतंय? डायरेक्ट करून टाका. म्हणजे मधलं काढा, तारेला तार जोडा, मशीन चालू. माणूस मेला तर त्याचं नशीब!

त्या दिवशी ती भल्या पहाटे परळीहून निघाली, माजलगावच्या कारखान्यातली मोटर दुरुस्त केली आणि उसाच्या ट्रॅक्टरांमागं धूळ खात उमापूरकडच्या जिनिंगला पोचली, तेव्हा ऊन कललं होतं. तिथं कापसाच्या गठाणी बांधायचा प्रेस बंद. दार उघडलं की प्रेस आपोआप थांबवणारा स्विच जळाला होता. नवा मिळणार तो गेवराईला.

"डायरेक्ट करा अन् जावा," सुपरवायझर बंकट म्हणाला. "गाड्या खोळंबल्यात."

"न्हाई करत."

"कावून? आधीचा वायरमन करायचा की."

"मी न्हाई करत."

बंकटनं तिच्या ठेकेदाराला फोन लावून स्पीकरवर टाकला. त्रिंबकशेठ गरजले, "योगिता, लई शहाणपण नको. करून दे, न्हाईतर उद्यापासून येऊ नको."

बाईला वायरमन म्हणून कामावर ठेवणारा तिला एवढा एकच भेटला होता. आयटीआय करून तिनं ऊसतोडीचा कोयता सोडला होता. तो पुन्हा धरावा लागणार. तरी तिनं मेन स्विच पाडला आणि फ्यूज काढून पिशवीत टाकले.

"गेवराईहून स्विच आणते. तवर प्रेस बंद."

तेवढ्यात प्रेसवर काम करणारी दगडाबाई पुढं आली. "कर की गं पोरी. काम थांबलं की आमाला घरी लावतेत."

हे मात्र योगिताला फार लागलं. कुणासाठी भांडतोय आपण?

"मावशी, दारात अडकलेला कापूस कोण काढतं?"

"मीच."

"हात घालून?"

"मंग काय पाय घालू?"

"डायरेक्ट केलं की दार उघडं असलं तरी प्रेस चालूच ऱ्हातो. तुमचा हात आत असला तरी."

दगडाबाई बंकटकडं वळली. "खरं हाय का रं हे?"

बंकटनं खाली बघत मान डोलावली.

"मागल्या साली कडूबाईची बोटं तुटली. तवा तिचीच चूक म्हणून सगळ्यांपुढं तिला बोललास तू. ती रडत घरी गेली, बंकट."

दगडाबाईनं डोक्याचं फडकं सोडलं आणि प्रेसच्या दारात बसकण मारली. बाकीच्या बायाही तिच्याशेजारी येऊन बसल्या.

फोन चालूच होता. योगिता त्याच्याकडं तोंड करून म्हणाली, "शेठ, उद्याचं उद्या तुमी बघा. आज मी स्विच बसवूनच जाणार."

आणि तिनं स्कूटी गेवराईच्या रस्त्याला लावली.