खडकाच्या बाहेरची कडा

कप्तान आयुष्यात कधी जहाजावर चढले नव्हते. चौतीस वर्षं ते बंदरातल्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून लोखंडी पेट्या इकडच्या तिकडे करत होते. पण घरात, गल्लीत आणि धक्क्यावर सगळे त्यांना कप्तानच म्हणायचे, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पुढच्या रविवारी त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्यानिमित्त घरातल्या सहा जणांची प्रवाळाच्या बेटावर एका दिवसाची सहल ठरत होती.

ठरत होती म्हणजे कप्तान ठरवत होते आणि बाकीचे माना डोलावत होते. टेबलावर बोटवाल्यांचं रंगीत पत्रक पसरलं होतं. त्यात हिरवंनिळं पाणी, मधे पांढऱ्या वाळूचा ठिपका आणि त्याच्याभोवती प्रवाळाच्या खडकाचं कडं. शेजारी चहाचे कप आणि नावं भरायचा फॉर्म. फॉर्म त्यांच्या मुलीने, ताईने आणला होता. ती पोस्टात खिडकीवर बसायची, दिवसाला शंभर फॉर्म तपासायची. पण इथे पेन कप्तानांच्या मुठीत होतं.

"सातला बोट सुटते. म्हणजे आपण पावणेसहाला धक्क्यावर," कप्तान म्हणाले.

"एवढ्या लवकर माझे गुडघे..." मुलांची आई म्हणाली.

"तुला विचारलंय का कुणी?"

आईने गुडघे गिळले आणि कप उचलायला लागली.

मुलगा समोरच्या खुर्चीत बसला होता. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. चौदाव्या मजल्यावर, अंधाऱ्या बोगद्यात, लोंबत्या केबिनच्या टपावर उभं राहून तो शीळ घालत काम करायचा. त्याला जगात दोनच गोष्टींची भीती वाटायची, पाण्याची आणि बापाची. या सहलीत दोन्ही एकाच तिकिटात मिळत होत्या.

फॉर्मवर तीन रकाने होते. नाव, वय आणि पोहता येतं का. कप्तान जोर देऊन लिहीत होते. आईच्या नावापुढे 'नाही' पडलं. "ती बसेल वाळूत टॉवेल सांभाळत." बाकी पाचांपुढे खालपर्यंत 'हो', 'हो', 'हो'.

सून औषधांच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे मुंगीएवढं अक्षर वाचायची तिला सवय. तिने पत्रक उलटं केलं. "अहो बाबा, इथे मागे बघा काय म्हटलंय. ज्यांना पोहता येतं त्यांना बोट खडकाच्या बाहेरच्या कडेला पाण्यात सोडते. तिथे तळ लागत नाही. न येणाऱ्यांना काचेच्या तळाची होडी आहे, त्यातून आतलं सगळं दिसतं. आपल्या भिंगरीचं 'नाही' करू या ना. ती माझ्याबरोबर होडीत बसेल."

भिंगरी म्हणजे सुनेची सात वर्षांची लेक. एका जागी उभी राहिली तर तिला ताप आला असं समजायचं. आत्ताही ती पाण्यातला नवाकोरा चष्मा डोळ्यांवर चढवून पॅसेजमध्ये गोल गोल फिरत होती आणि भिंतींवर आपटून हसत होती.

"सात दिवस आहेत," कप्तान म्हणाले. "माझ्या दोन्ही पोरांना मी तीन दिवसांत तयार केलं. विचार तुझ्या नवऱ्याला."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पत्रकातल्या पाण्याकडे पाहिलं.

ते तीन दिवस कसे होते, हे सांगायलाच हवं. जुन्या घराच्या मागच्या अंगणात पाण्याचं पिंप होतं. कप्तान कामावरून आले की पोरांना हाक मारायचे. मानगूट धरायचे, डोकं पाण्यात दाबायचे आणि मोठ्याने चाळीसपर्यंत मोजायचे. आधी श्वास धरायला शिका, पोहणं आपोआप येतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. तिसावर आले की मधेच शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे आणि मग एकतीसपासून पुढे. पहिल्या दिवशी ताईचा पुढचा दात पिंपाच्या काठावर तुटला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या नाकातून रक्त आलं आणि पिंपातलं पाणी लाल झालं, म्हणून पाणी वाया घालवल्याबद्दल त्याला पट्ट्याने फोडून काढलं. आई दोन्ही दिवस मागे टॉवेल घेऊन उभी होती. अशा बापाला लोक शिस्तीचा माणूस म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पिंपात डोकं घालून बघावं.

तिसऱ्या दिवशी कप्तानांनी दोघांना धक्क्याच्या भिंतीवरून समुद्रात ढकललं आणि स्वतः मुकादमाशी बोलायला निघून गेले. ताई कशीबशी दगडांना धरून वर आली. मुलगा बुडाला. जाळी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला केसांना धरून ओढून काढलं आणि पालथा घालून त्याच्या पोटातलं पाणी काढलं. तेव्हा तो सात वर्षांचा होता. कप्तान परत आले तेव्हा ताई फुटक्या दातातून म्हणाली, "बाबा, आम्ही दोघंही पोहून आलो." चौथा दिवस टळला.

खोटं एकदा जन्माला घातलं की जन्मभर पोसावं लागतं. एकतीस वर्षं दोघांनी ते पोसलं. मुलाने तर बायकोलाही आपल्याला पोहता येतं असंच सांगितलं होतं. लग्नानंतर फिरायला गेले तेव्हा चार दिवस कान दुखतो म्हणून तो वाळूतच बसून राहिला होता. बिचारीने रोज कानात थेंब घातले.

"काय रे, वाचा गेली का?" कप्तान म्हणाले. "सांग तिला."

टेबलाखाली ताईचा पाय त्याच्या पावलावर येऊन दाबून बसला. गप्प बस, असं तो पाय म्हणत होता. त्याला मधूनमधून पॅसेजमधलं हसू ऐकू येत होतं. आणि त्याला आणखी एक आवाज आठवला. सकाळी ते तिघं इथे आले तेव्हा बाथरूममधला नळ जोरात चालू होता. टब भरत होता.

म्हणजे कप्तान सात दिवस थांबणार नव्हते.

"बाबा," तो म्हणाला, "मला पोहता येत नाही."

"काय?"

"कधीच येत नव्हतं. त्या दिवशी मी बुडालो होतो. ताईलाही येत नाही. तुम्ही आम्हाला काही शिकवलं नाहीत बाबा, फक्त मारलंत. भिंगरीला हात लावायचा नाही."

कप्तानांचा हात टेबलावरून आला. पेन मुठीतच होतं. त्याचं टोक मुलाच्या गालावरून कानापर्यंत ओरखडत गेलं, कप फुटला आणि गरम चहा त्याच्या मांडीवर सांडला. पाठोपाठ दुसरी कानाखाली बसली. त्याच्या कानात सूं आवाज सुरू झाला.

"माझ्या तोंडावर खोटं बोलतो!"

एकतीस वर्षांत तो पहिल्यांदाच खरं बोलला होता आणि नेमका त्यासाठीच खोटारडा ठरला होता. "ताई," तो म्हणाला, "सांग ना गं यांना."

ताईने मान खाली घातली. तिची जीभ त्या बसवलेल्या दातावर फिरत असावी, कारण ओठ हलत होते. पोस्टात शंभर लोकांना ताडकन उत्तर देणारी बाई ती. "मला येतं," ती पुटपुटली. "मला येतं, बाबा."

"बघ! मुलगी असून शिकली. आणि हा नेभळट." कप्तान उठले. सत्तरीतही त्यांचे दंड खांबासारखे होते. "भिंगरे, चल. आजोबा गंमत दाखवतात."

पॅसेजमध्ये हसू थांबलं. सून धावली, तेव्हा त्यांनी कोपराने तिला भिंतीवर असं ढकललं की तिचं डोकं खुंटीवर आपटलं. बाथरूमचं दार बंद झालं. कडी लागली.

"एक," आतून आवाज आला. "दोन."

लेकीच्या किंकाळीचा अर्धाच तुकडा बाहेर आला. बाकीचा पाण्यात गेला.

मुलगा दारापाशी पोचला होता, पण त्याचे हात उठेनात. अडतीस वर्षांचा, दोन माणसांच्या ताकदीचा गडी, पण त्या मोजण्याच्या आवाजाने त्याची पाचावर धारण बसली होती. श्वास त्याने आपोआप धरला होता. बायको दारावर मुठी आपटत होती, "अहो, तोडा ना दार! अहो!" आणि शेजारी आई उभी होती. तिने कपाटातून धुतलेला टॉवेल काढून आणला होता आणि ती नेहमीसारखी वाट बघत होती.

त्या टॉवेलने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आठ," आतून आलं. "नऊ."

अडकलेली दारं उघडणं हा त्याचा रोजचा धंदा. कडीच्या उंचीवर त्याने टाच घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चौकटीचं लाकूड फाटलं आणि दार आत कोसळलं.

कप्तान टबाशी गुडघे टेकून बसले होते. त्यांच्या पंजाखाली भिंगरीची मान होती. तिचे पाय फरशीवर घासत होते. चष्मा पाण्यावर तरंगत होता.

"सोडा तिला!"

"अकरा," कप्तान म्हणाले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

त्याने ते मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि पिरगाळलं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. कप्तान ओरडले, त्याने जन्मात पहिल्यांदा त्यांना ओरडताना ऐकलं, आणि त्याला ते आवडलं. फार आवडलं. त्याने त्यांना कॉलरला धरून उठवलं आणि नळावर आपटलं. कपाळ फुटलं. ते खाली घसरले, त्याने पुन्हा उचललं, आणि मग मूठ, आणि पुन्हा मूठ. नाक गेलं. ओठ गेला. त्यांचा शाबूत हात तोंडापुढे येत होता, तो त्याने बाजूला सारला आणि मारलं. पिंप, पट्टा, ताईचा दात, कानातले थेंब, सगळं त्या मुठीत होतं. कुणीतरी मोठ्याने मोजत होतं.

"सहा... सात... आठ..."

मोजणारा तो स्वतःच होता, हे कळायला त्याला आणखी दोन ठोसे लागले.

भिंगरी कधीच बाहेर होती. दार पडल्याबरोबर बायकोने तिला ओढून नेलं होतं. आता आठव्यानंतरचे ठोसे कशासाठी, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. फक्त आई आत आली. टॉवेल तिच्या हातातच होता. तिने दुसऱ्या हाताने मुलाच्या थोबाडीत मारली. पोरं लहान असताना तिने कधी त्यांच्यावर हात उचलला नव्हता आणि कधी कुणाचा हात धरलाही नव्हता.

"बापावर हात टाकतोस?" ती म्हणाली. "सत्तरीचा आहे रे तो!"

"ती सात वर्षांची आहे, आई."

आई खाली बसली आणि नवऱ्याचं रक्त टॉवेलने टिपायला लागली. कप्तान कण्हत होते. जिवंत होते.

बाहेर ताई फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती. "बाथरूममध्ये पाय घसरला," ती म्हणत होती. "हो, हो, पडले. वय झालंय ना." त्याने तिच्या हातातून फोन घेतला. "पडले नाहीत," तो म्हणाला. "मी मारलंय. मी त्यांचा मुलगा. पोलिसांनाही सांगा, मी इथेच आहे." ताई त्याच्याकडे बघत राहिली आणि मग एकाएकी तोंडावर हात ठेवून रडायला लागली. तेव्हाही तिने आवाज होऊ दिला नाही.

भिंगरी बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या कोपऱ्यात होती. आपल्या आईच्या ओढणीत गुंडाळलेली, निळ्या ओठांची, खोकत. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या केसांतून रक्त मानेवर उतरत होतं. लेक वाचली होती. ज्यासाठी त्याने तोंड उघडलं, दार तोडलं, ते झालं होतं. त्याला वाटलं, आता तिला कुशीत घ्यावं आणि दोघांनी मिळून रडावं. लेकीच्या केसांतून पाणी गळत होतं. ते पुसायला त्याने हात पुढे केला. सोललेल्या बोटांवर कप्तानांचं रक्त अजून ओलं होतं.

भिंगरीने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ती सोफ्यात शिरायला लागली.

"धरते, बाबा," ती म्हणाली. "मी श्वास धरते. मी जास्त वेळ धरते."

आणि तिने गाल फुगवून खरंच श्वास धरला.

त्याचा हात तिथेच राहिला. मग हात हळूच मागे घेऊन तो तिच्यापासून चार हात लांब फरशीवर बसला आणि दोन्ही पंजे मांडीखाली घालून त्यांवर दाबून बसला. टेबलावरून फॉर्म खाली पडला होता, चहाने भिजलेला. खालच्या रस्त्यावर सायरन जवळ येत होता.

"सोड गं श्वास," तो म्हणाला. "सोड, बाळा. मी उठत नाही इथून."

बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. भिंगरीने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्या मांडीकडे बघत होती, हात बाहेर येतात का ते. तिचे गाल लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने श्वास सोडला नाही. तो मनातल्या मनात आकडे न मोजण्याचा प्रयत्न करत बसून राहिला.