पिंकीची नजर आणि खर्र्याची पिचकारी

मित्रांनो, मी एक जुनी बास्केटबॉलची रिंग आहे आणि मला माणसांची किळस येते. बुटीबोरीच्या एका कारखान्यात लोखंड वाकवून मला घडवलं, मग नागपुरातल्या एका वस्तीच्या मैदानावर खांबावर चढवलं. त्या दिवशी नारळ फुटला, टाळ्या वाजल्या. आता माझ्यावर लोकांचे ओले बनियन वाळतात. आणि खाली सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन जो येतो तो थुंकतो. खांबाचं बूड लाल झालंय. शी!

इथून मला खेळाडूंचे डोळे मात्र समोरून दिसतात. चेंडू सोडण्याआधी ज्याची नजर क्षणभर माझ्या कड्यावर टिकते, त्याचा हात बरोबर वळतो. नजर भिरभिरली की चेंडू बाहेर. चांगली दंड कमावलेली पोरं अशी हुकताना मी पाहिली आहेत.

नववीतल्या पिंकीची नजर पक्की होती. मैत्रीण मोनालीबरोबर ती रोज संध्याकाळी यायची. फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहून माझ्याकडे अशी बघायची, की मला माझा गंजही विसरायला व्हायचं.

गेल्या रविवारी जिल्हा संघाची निवड होती. शेवटच्या जागेसाठी पिंकीची आणि दुसऱ्या एका मुलीची बरोबरी झाली. प्रत्येकीला एकच फ्री थ्रो. त्या मुलीचा चेंडू माझ्या कड्यातून बरोबर आत पडला. पिंकी पुढे आली, तेवढ्यात निवड करणारे चंद्रभान सर पचकन रेषेवरच थुंकले!

"सर, पाय कुठं ठेवू?"

"थोडीशी सरक ना वं. टाइम नको घालवू."

पिंकीच्या पायात आईनं सीताबर्डीहून आणलेले नवे पांढरे बूट होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली, परत माझ्याकडे, परत खाली. आणि चेंडू सोडला. तो माझ्या कड्याला लागून बाहेर गेला. मला हलता आलं असतं तर मी पुढे झुकले असते.

"खाली काहून पाहून राहिली होती वं?" मोनालीनं विचारलं.

"थुंकी बुटाले लागन म्हणून," पिंकी रडत म्हणाली.

"पोरीची नजरच टिकत नाही," असं म्हणून सरांनी दुसरीचं नाव घेतलं. आणि परत थुंकले.

मित्रांनो, मला रंग नको, नवी जाळी नको. तेवढी रेषा धुऊन काढा आणि तिथे कुणाला थुंकू देऊ नका. पिंकी त्या दिवसापासून आलेली नाही. आली, तर तिला वर बघता आलं पाहिजे.