गोट दिसता कामा नये

चंद्रकलाची गोधडी पौषातलं ऊन खात वलणीवर पडली होती, तेव्हा जव्हार दरबारचे, राजवाड्याचा कारभार पाहणारे खाजगीवाले तात्यासाहेब अंगणात आले. आले होते तिच्या नवऱ्याकडे, हरिभाऊंकडे, काही कचेरीच्या कामाला. पण दरबारी माणूस ज्या कामाला येतो ते सोडून बाकी सगळ्याकडे बघतो. तात्यासाहेब गोधडीपुढे थांबले, मान तिरपी केली आणि म्हणाले,

“ठाण्याच्या साहेबाची मडम येतेय. तिला असलं काम भिंतीवर टांगायची हौस आहे म्हणे. पाहुणेघराच्या दिवाणखान्यात ही लावू. फक्त गोट दिसता कामा नये.”

एवढं बोलून ते निघून गेले. कचेरीचं काम राहूनच गेलं.

दाराआड उभी असलेली चंद्रकला तिथेच थिजली. लग्न होऊन जव्हारात आल्यापासून दुपारच्या दुपारी तिनं त्या गोधडीत घातल्या होत्या. खणांचे त्रिकोण, लुगड्यांचे चौकोन, मधोमध जरीच्या पदराचं एक कमळ. पण गोधडीचं नशीब असं, की लोक ती जवळ घेतात तेव्हा दिवा मालवलेला असतो. आजारी मूल तिच्यावर ओकतं, पाहुणा तिच्यात घोरतो आणि सकाळी तिची घडी होते. उभं राहून तिच्याकडे कोणी बघावं असं आजवर जव्हारात कोणाला वाटलं नव्हतं. आपल्याला तसं वाटतं, हे चंद्रकलालाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. कळलं ते असं कळलं, की ती वलणीपाशी धावली आणि गोधडीची कड चाचपू लागली.

आणि लगेच घोळही सुरू झाला.

गोधडीच्या कडा अजून उघड्या होत्या. आतले जुन्या लुगड्यांचे थर पोथीच्या पानांसारखे बाहेर डोकावत होते. त्यांच्यावरून फिरवायला हिरव्या खणाची पट्टी, म्हणजे गोट, तिनं कापूनही ठेवला होता. आता तो दिसायचा नाही म्हणजे लावायचाच नाही? मग ही पानं कोण धरणार? मडम बघत असतानाच चिंध्या लोंबायला लागायच्या.

“तुला काही कळत नाही,” सासूबाई म्हणाल्या. गोदाबाईंना वाती वळताना अडथळा आलेला खपत नसे, तरी हा अडथळा त्यांनी आपणहून अंगावर घेतला. “ते तुझ्या हातातल्या गोटांबद्दल बोलले. सोन्याच्या.”

चंद्रकलानं मनगटांकडे पाहिलं. माहेरचे भरीव गोट तिथे होते, नेहमीसारखे.

“पण हे गोधडीला कुठे आहेत?”

“गोधडी टांगायला कोण जाणार? पाहुणेघराचा लाडक्या? त्याला वरची बाजू कळेल का खालची? तूच जाशील. हात वर करशील, पदर सरकेल, गोट चमकतील. कारकुनाच्या बायकोच्या हातात एवढे जाड गोट बघून मडम काय म्हणेल? तात्यासाहेबांना पुढचं दिसतं, बाई!”

“ते माझ्या बाबांनी दिलेत.”

“तुझे बाबा मडमेला येऊन सांगणार आहेत का?”

हे चंद्रकलाला पटलं नाही, पण खोडताही येईना. ती गोंधळून नवऱ्याकडे वळली. हरिभाऊ ओटीवर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. पौषात जव्हारात घाम येणं ही साधी गोष्ट नव्हे.

“अहो, तुम्ही समोर होतात. कुठला गोट म्हणाले ते?”

“हळू बोल,” हरिभाऊ म्हणाले. “तेच तर. कुठला गोट ते त्यांनी सांगितलं नाही. सांगणारही नाहीत.”

हरिभाऊंचं सगळं आयुष्य दोन गोटांत गेलं होतं. एक दिवाणांचा गोट, एक खाजगीवाल्यांचा. दिवाणांच्या गोटातले लाल पागोटं घालत, खाजगीवाल्यांच्या गोटातले अंजिरी. हरिभाऊ काळी टोपी घालत आणि दोन्हीकडून शिव्या खात. ते गोधडीजवळ गेले, दोन्ही हात मागे बांधून तिच्याभोवती फिरले.

“यात लाल जास्त आहे,” ते शेवटी म्हणाले.

“असेल. माझ्याकडे लाल खण होते.”

“अंजिरी कमी आहे.”

“अंजिरी विटतो.”

“तेच! उद्या दिवाणखान्यात ही लागली की आंधळ्यालाही कळेल आपण कोणाच्या गोटात आहोत ते. तात्यासाहेबांनी तेच सुचवलं. गोट दिसता कामा नये! थोडे लाल उसव.”

“कमळाच्या पाकळ्या लाल आहेत.”

“मग कमळ उसव.”

नवरा काय म्हणतो ते चंद्रकलाला कळत होतं. तो ते शुद्धीवर राहून कसं म्हणू शकतो, एवढंच कळत नव्हतं.

“तुम्ही तात्यासाहेबांनाच का विचारत नाही?”

हरिभाऊंनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. खाजगीवाल्यांना पुन्हा विचारायचं म्हणजे पहिल्यांदा समजलं नाही असं कबूल करायचं. दरबारात असं कोणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. तिथे हुकूम कळला नाही तरी मान डोलवायची आणि मग घरी येऊन कमळ उसवायचं, ही रीत होती.

कमळ उसवायचं नाही एवढं चंद्रकलानं ठरवलं. बाकी काही ठरेना. तीन माणसांनी एका शब्दाचे तीन अर्थ केले होते आणि तिन्ही अर्थ तिच्याच अंगावर आले होते. रात्री भाकरी थापतानाही तिच्या डोक्यात कडाच फिरत होत्या. नुसत्या कडा आत दुमडाव्यात तर इतक्या थरांची भाकरीसारखी जाड कोर होते. उशीच्या अभ्र्यासारखी उलट शिवून सुलट करावी म्हटलं, तर धावदोरा अंगभर घालून झालेला. ते करायचं तर आधीच करायला हवं होतं. पण आधी भिंत कुठे ठाऊक होती?

सकाळी चोळी घालताना तिची बोटं गळ्यापाशी अडली. चोळीच्या गळ्याला बाहेरून गोट नसतो आणि तरी गळा उसवत नाही. पट्टी असते, पण ती आतून. सुलट बाजूवर शिवायची, मग उलटून पाठीमागे न्यायची. आयुष्यभर चोळ्या शिवल्या आणि ही गोष्ट गोधडीला लागू पडेल असं कधी मनातही आलं नव्हतं, याचं तिला नवल वाटलं आणि थोडा रागही आला.

तिनं कडा सुतात कापल्या. हिरवी पट्टी गोधडीच्या पुढच्या अंगावर उपडी ठेवून कडेनं टीप घातली. कोपऱ्यांवरचं जादा कापड छाटलं, नाहीतर तिथे सुपाऱ्या बांधल्यासारख्या गाठी दिसतात. मग पट्टी मागे उलटली, शिवण पुढून दिसू नये म्हणून केसभर जास्तच मागे ओढली आणि हेम घातली. हेमेचा टाका अस्तरातच धरायचा. पुढे आला की सगळं मुसळ केरात.

संध्याकाळी हरिभाऊंनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

“पण गोट आहे की हा!”

“आहे. दिसत नाही.”

“आहे तर दिसत कसा नाही?”

“मागे आहे म्हणून. तो आहे म्हणून तर पुढचं सगळं जागेवर आहे.”

दरबाराचं इतकं नेमकं वर्णन हरिभाऊंनी पूर्वी ऐकलं नव्हतं. लाल-अंजिरीचं ते विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं.

तिन्हीसांजेला गोधडी टांगायला चंद्रकलाच गेली. सासूबाईंचं ऐकून गोट कोपरापर्यंत वर सारले, वर दोन्ही खांद्यांवर पदर. तात्यासाहेब आले, लांबून “हूं” म्हणाले आणि गेले. त्यांचा नेमका अर्थ कोणता होता, ते त्या “हूं”मधून कोणालाच कळलं नाही. लगेच मडमेचा मेणा आल्याची वर्दी आली आणि चंद्रकलाला मागच्या दारानं बाहेर काढण्यात आलं. आपलं काम भिंतीवर कसं दिसतं ते तिला धड पाहताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणेघराचा शिपाई लाडक्या परसदारी उभा राहिला. मूळचा जामसरचा, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघणारा.

“बाय, गोधडी लय ऊबदार हाये तुमची.”

“तुला काय ठाऊक?”

“मडमच बोलली. रातचं थंडीनं कुडकुडत होती. मंग मी काय करू? भितीवरची काढली, घातली तिच्या अंगावर.”

चंद्रकला पायरीवर बसली. “भिंतीवर असताना पाहिली का रे तिनं?”

“आली तवा दिवे लागलं होतं. जेवली, निजली.” लाडक्याला वाटलं बाईला अजून काही ऐकायचंय. “मी नीट घातली, बाय. गोटाची बाजू वर. सुलट.”

“गोटाची बाजू? अरे, ती मागची!”

“मंग गोट मागं कशाला लावला?” लाडक्यानं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता.

तेवढ्यात हरिभाऊ कचेरीतून धावत आले. मडमेनं सकाळी उठून त्या हिरव्या पट्टीवरून बोट फिरवलं होतं आणि काहीतरी चांगलं म्हटलं होतं. काय ते दुभाष्यालाही नीट कळलं नव्हतं. पण तात्यासाहेबांचा हुकूम सुटला होता, की मडम फेरफटका मारून परत यायच्या आत गोधडी पुन्हा टांगायची आणि गोटाची बाजू पुढे ठेवायची.

म्हणजे कमळ भिंतीकडे.

चंद्रकला पदर खोचून निघाली. मागून हरिभाऊ, त्यांच्या मागून लाडक्या. मडमेच्या खोलीत गोधडी खाटेवर चुरगळून पडली होती. तिनं ती दिवाणखान्यात आणली, झटकली, उलटी धरली, सुलटी धरली. गोट मनगटावर घसरून वाजले तरी तिचं लक्ष गेलं नाही.

“हुकुमाचे शब्द काय होते?” तिनं विचारलं. “जसेच्या तसे सांगा.”

“गोटाची बाजू पुढे ठेवा.”

“कुठल्या गोटाची?”

हरिभाऊंनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

“नाही, म्हणजे मी आपली बायकामाणूस,” चंद्रकला म्हणाली. “मी पट्टीचा गोट धरीन आणि त्यांच्या मनात दुसराच असेल. परवा तुम्हीच म्हणालात. परत विचारून या.”

“विचारू? तात्यासाहेबांना? की दरबारात कोणाची बाजू पुढे ठेवायची?”

“तुम्हाला जमेल तसं विचारा. तोवर मी थांबते.”

हरिभाऊ दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. खिडकीतून ते कचेरीच्या वाटेवर दिसले. थोडं चालून थांबत होते, टोपी काढून पुन्हा घालत होते. असा प्रश्न घेऊन कचेरीत शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नाही, कारण उत्तर द्यायला तिथे कोणी जागेवर सापडत नाही.

“लाडक्या, ते टोक धर. वर.”

“कुठली बाजू, बाय?”

“कमळ पुढे.”

लाडक्यानं धरलं. खिळ्यांना नाड्या बसल्या. चंद्रकला मागे मागे सरत पार समोरच्या भिंतीला टेकली आणि पहिल्यांदाच उभं राहून तिनं गोधडी पाहिली. कडा भिंतीत विरघळल्यासारख्या दिसत होत्या. मधोमध कमळ होतं. डावीकडची एक पाकळी जराशी तिरकी बसली होती. मांडीवर घेऊन शिवताना ते कधी कळलं नव्हतं.

“छान का वाईट?” लाडक्यानं विचारलं.

“थांब जरा,” ती म्हणाली. “बघतेय.”