मेणफडकी

फेब्रुवारीच्या शेवटी मष्णूकडे मधमाश्यांच्या अकरा पेट्या होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक उरली. शेजारच्या काजूच्या बागेत मोहर करपतोय म्हणून मालकानं औषध मारलं, तेही सकाळी नऊला, माश्या फुलांवर असताना. संध्याकाळी मार, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी बेळगुंदी गावात फवारणीला माणूस मिळतो तो सकाळीच. पुढचे तीन दिवस मष्णू पेट्यांच्या तोंडाशी पडलेल्या माश्या केरसुणीनं लोटून खड्ड्यात टाकत होता. चौथ्या दिवसापासून तो घरात कुणाशी बोलेना.

भांडण नव्हतं. जेवायला वाढलं की जेवायचा, विचारलं तर मान हलवायचा. उरलेल्या एका पेटीकडेही तो बघत नसे. त्याच्या बायकोचा, रूपालीचा, भाऊ नागेंद्र निपाणीला असतो. त्यानं कोगनोळीच्या हायवेवर एका गोदामात मेहुण्यासाठी वॉचमनची जागा बघितली, राहायला खोलीसकट. मष्णूनं त्यालाही होकाराची मान हलवली. आणि नंदगडच्या यल्लाप्पाला, जो दोन वर्षं पेटी मागत होता, निरोप धाडला की येऊन घेऊन जा.

नवरा कोगनोळीला गेला असता तर रूपालीला चाललं असतं. गावातले अर्धे पुरुष बाहेरच असतात आणि सणाला येतात. पण ही पेटी गेली की हा माणूस पुन्हा माश्यांच्या वाटेला जायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माश्यांवाचून तो कसा होतो, हे ती महिनाभर डोळ्यांनी बघत होती.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या पारमिता मॅडमनी तिला वाट दाखवली. मॅडम मूळच्या निपाणीच्या. कॉलेजात शिकवायच्या, ते सोडून त्यांनी दुकान काढलं होतं. बांबूचे ब्रश, रिठ्याचा साबण, कापडी पिशव्या, असं प्लास्टिक नसलेलं सामान. मष्णूचा मध सहा वर्षं त्यांच्याकडेच जायचा. यंदा मध नाही हे सांगायला रूपाली गेली, तेव्हा मॅडमनी गल्ल्यामागून एक चौकोनी फडकं काढलं. सुती कापडात मेण मुरवलेलं. वाटीवर ठेवून हातानं दाबलं की हाताच्या उबेनं ते वाटीच्या आकाराचं होऊन बसायचं. चपाती, चिरलेलं फळ, अर्धा कांदा, काहीही गुंडाळा. गार पाण्यानं धुवा, वर्षभर वापरा.

"हे बेंगळुरूहून येतं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे मेण आहे ना, आक्का?"

मेण होतं. मष्णू दर वर्षी जुनी पोळी वितळवून, गाळून त्याच्या वड्या पाडायचा आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. फवारणीनंतरच्या पोळ्यांचं मेण त्यानं त्यात मिसळू दिलं नाही. ते त्यानं माश्यांबरोबरच पुरलं. डब्यातलं मेण स्वच्छ होतं आणि मोजकं होतं, सव्वा किलोच्या आसपास. साते​री ही पेटीत पाळायची देशी माशी मेणाच्या बाबतीत हात राखूनच असते.

मॅडमनी रीत सांगितली आणि रूपालीनं ती बारकाईनं ऐकून घेतली. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात डबा ठेवायचा, डब्यात किसलेलं मेण, थोडी राळ, चमचाभर खोबरेल. राळेनं चिकटपणा येतो, तेलानं मऊपणा. पातळ झालं की ब्रशनं कापडावर ओढायचं, वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची आणि दोरीवर टाकायचं. बघता बघता सुकतं. "कापड मात्र शंभर टक्के सुती," मॅडम म्हणाल्या. "शंका आली तर एक दोरा काढून जाळून बघा. राख झाली तर सुती. काळी गोळी झाली तर त्यात प्लास्टिक."

पहिलं फडकं रूपालीनं मष्णूच्या जुन्या धोतरावर केलं. ते असं उतरलं की मॅडमनी वाटीवरून तीनदा काढून तीनदा बसवलं. एका डॉक्टरीण बाईंच्या मुलीचं लग्न होतं. पाहुण्या बायकांना देण्यासाठी त्यांना अशी फडकी हवी होती. आधी चाळीस, आवडली तर पुढची. "फक्त पांढरं नको, रंगीत करा. शुक्रवारी आणा."

त्या रात्री जेवताना रूपाली मष्णूला म्हणाली, "मॅडमनी चाळीस घेतली तर पेटी ठेवायची. मेण लागणार पुढं. मेण कोण आणणार? म्या काय पोळ्यात हात घालू व्हय?"

मष्णूनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. म्हणाला, "घेतली तर ठेवू."

तीन शब्द. सासू मनुबाई चुलीपाशी बसली होती. तिनं सुनेकडे बघून नुसत्या भुवया उचलल्या. महिन्याभरात पोरगं एवढं बोललं नव्हतं.

रंगीत कापड आणायला रूपाली कुठंही गेली नाही. ट्रंकेत बासष्ट खण पडले असताना कापड विकत कोण आणतं? लग्न, बारसं, हळदीकुंकू, डोहाळजेवण, यात्रा. जिथं जाईल तिथं बाईच्या ओटीत नारळ, तांदूळ आणि खण पडतो. नारळ फुटतो, तांदूळ शिजतात, खण ट्रंकेत जातो. तो कुणी शिवत नाही. पुढच्या बाईची ओटी भरायची वेळ आली की ट्रंक उघडायची आणि त्यातलाच एक द्यायचा. एकच खण चार गावं फिरून पुन्हा आपल्याच घरी आल्याचं रूपालीनं स्वतः बघितलं होतं. मनुबाईनं तो कोपऱ्यावरच्या चहाच्या डागावरून ओळखला होता.

रूपालीनं दहा खण काढले. लहानमोठ्या खणांतून तीन ते पाच, अशी चाळीस फडकी निघणार होती. हाताला मऊ लागतील ते निवडले. त्यांतल्या बऱ्याच खणांच्या काठावर 'प्युअर कॉटन' असा शिक्का होता. एका लाल खणाचा दोरा तिनं उसवला आणि काड्यापेटी हातात घेतली.

"काय करालीस गं?" मनुबाईनं विचारलं.

"दोरा जाळून बघायचा. सुती हाय का न्हाय कळतंय."

"ओटीच्या कापडाला आग लावतीस?"

"एक दोरा, आत्ती."

"दोरा असू दे न्हायतर ठाण असू दे. तुझ्या ओटीत पडलंय ते. लेकराबाळांच्या नावानं पडलंय. अकरातल्या धा पेट्या मेल्या, आनि तू ओटी जाळतीस?" मग मनुबाई आवाज उतरवून म्हणाली, "शिक्का मारलाय की तेच्यावर. दुकानवाला खोटं लिवतोय व्हय?"

रूपालीनं काड्यापेटी ठेवून दिली. सासूला भिऊन नव्हे. ती काडी तिच्या स्वतःच्याच हातून ओढली जाणार नव्हती, हे तिला मनुबाई बोलायच्या आधीच कळलं होतं.

दोन दिवस घरभर मेणाचा आणि राळेचा वास होता. मनुबाई उंबऱ्यात बसून बघत होती. "मेणकापड म्हंजे बाळाखाली घालायचं," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "आमची सून त्यात चपाती गुंडाळनार हाय. शहरातल्या लोकान्ला चव लागंल चांगली." मष्णू पहिल्या दिवशी ओट्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आत आला, डब्यातलं मेण काडीनं ढवळलं आणि म्हणाला, "जाळ कमी कर. करपलं की रंग जातोय." मग तिथंच बसला. ब्रश त्यानं हातात घेतला नाही, पण जाळ त्यानंच सांभाळला. दुपारी तो उठून मागं गेला, पेटीचं झाकण उचलून बघून आला. रूपालीनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

धोतरानं मेण पिऊन टाकलं होतं. हे खण मेण पीत नव्हते. ते वर राहायचं आणि चकाकायचं. रूपालीला ती चकाकी आवडली. लाल, हिरवा, जांभळा, मोरपंखी. मेणाचा डबा रिकामा करून दोरीवर चाळीस फडकी टांगली तेव्हा ती दुकानातल्या मालासारखी दिसत होती. घडी पडू नये म्हणून तिनं ती सपाटच ठेवली, मधे वर्तमानपत्राचे कागद घातले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून शुक्रवारी सकाळच्या बसनं बेळगावला नेली. एकही फडकं तिनं घरी वाटीवर बसवून बघितलं नव्हतं. नवा माल वापरून का द्यायचा?

दुकानात मॅडमनी वरचं लाल फडकं उचललं, स्टीलच्या वाटीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. हात काढले तसं फडकं उघडून सरळ झालं. त्यांनी पुन्हा दाबलं. या वेळी जिथं दुमडलं तिथं पांढरी रेघ उमटली, आणि रेघेपाशी मेणाचा पापुद्रा सुटून काउंटरवर पडला. मॅडमनी अंगठा चोळून बघितला. अंगठा लाल झाला होता.

त्यांनी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. एक-एक करून सगळी चाळीस बघितली. वेळ लागला. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी नंतर यायला सांगितलं. शेवटी काउंटरवर दोन ढीग झाले. एकात नऊ, दुसऱ्यात एकतीस.

मॅडमनी ड्रॉवरमधून लायटर काढला आणि हिरव्या फडक्याच्या काठाचा दोरा पेटवला. दोरा आक्रसला, वितळला, त्याची काळी गोळी झाली.

"दोरा जाळून बघा म्हटलं होतं मी, आक्का."

"ओटीतलं कापड हाय, मॅडम."

"मग?"

"ओटीचं जाळत न्हाईत."

पारमिता मॅडमनी लायटर ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाल्या, "आमच्या घरी ओटी भरत नाहीत. माझ्या डोक्यातच आलं नाही. नाहीतर मीच कापड दिलं असतं." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर रूपालीला सोपं गेलं असतं. "नऊ चांगली आहेत. नऊ मी ठेवते. पण त्या बाईंना नऊ देऊन चालणार नाही. अजून मेण आहे?"

"न्हाय."

"थोडंसुद्धा?"

"पेट्या मेल्या न्हवं."

घरी आल्यावर तिनं एकतीस फडकी मोठ्या पातेल्यात उकळली. मेण वर येईल, गार झालं की वडी निघेल, असा तिचा हिशेब होता. मेण वर आलं, पण खणांचा रंग घेऊन आलं. सकाळी निघालेली चकती जांभळट काळी होती, तिच्यात दोरे आणि राळेचे खडे अडकले होते. मष्णूनं ती हातात घेतली, मोडली, नाकाशी नेली.

"पुन्यांदा गाळते," रूपाली म्हणाली.

"रंग निघत न्हाय ह्यो."

"मॅडमनी नऊ घेतली."

"व्हय."

"नऊ तर घेतली की."

मष्णूनं चकतीचे तुकडे ओट्यावर नीट मांडून ठेवले, जणू ते अजून कशाला तरी लागणार होते. "चाळीस म्हनालीस तू," तो म्हणाला. आवाजात ठपका नव्हता. "मेण न्हाय. एका पेटीचं मेण वर्षाला मूठभर बी न्हाय. काय करनार हाईस तू तेवढ्यात?"

"पुढल्या साली दोन व्हतील."

"पुढल्या साली बी त्यो औषध मारनार हाय. मारू नगं म्हनायला मी कोन? त्याचा काजू जातोय."

मनुबाई दारात उभी होती. एरवी तिच्या जिभेला हाड नसे. आज ती सरळ आत गेली आणि भांड्यांचा आवाज करत राहिली. दोऱ्याची गोष्ट दोघींपैकी कुणीच त्याला सांगितली नाही. सांगून मेण परत येणार नव्हतं.

यल्लाप्पा रविवारी दिवस मावळताना छोटा टेम्पो घेऊन आला. माश्या सगळ्या घरी परतल्यावरच पेटी हलवतात. विशी ओलांडलेला, कन्नड-मराठी मिसळून बोलणारा हा माणूस पहिल्यांदाच माश्या नेत होता आणि त्याला सगळंच विचारायचं होतं. मष्णू आधी एक-दोन शब्दांत सांगत होता. मग त्याला राहवेना. पेटीचं तोंड पूर्वेला ठेव. वरनं पत्रा नगं, ऊन तापतंय, गवतानं शाकार. पावसात साखरेचं पाणी दे, पन वाटीत काड्या टाक, न्हायतर बुडत्यात. झाकण उघडताना सावली पाडू नगं. अंगाला वास लावून जाऊ नगं. त्या चिडल्या तर पळू नगं, थांब. राणीमाशी दुसऱ्या चौकटीवर असती, शोधत बसू नगं, अंडी दिसली की ती हाय म्हनायचं. तासभर तो बोलत होता. महिना-दीड महिना साचलेलं सगळं त्या परक्या माणसापुढं बाहेर येत होतं. रूपाली ओट्यावर बसून ऐकत होती, आणि ऐकताना तिला समजत होतं की हे तो शेवटचं बोलतोय.

दोघांनी पेटीच्या तोंडाला जाळी लावली, गोणपाटात गुंडाळून ती टेम्पोत ठेवली, दोरीनं आवळली. आतून गुणगुण ऐकू येत होती.

"अण्णा, मधनंमधनं फोन करतो," यल्लाप्पा म्हणाला. "कशा हाईत सांगतो तुमाला."

"नगं."

"तसं न्हवं, आठवन येईल की तुमाला."

"जगल्या काय, मेल्या काय," मष्णू म्हणाला, "मला कळवू नगंस, यल्लाप्पा."

टेम्पो नंदगडच्या दिशेनं गेला. मष्णू मागं गेला. पेटी ज्यावर असायची त्या लाकडी घोडीचे चार पाय मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्यानं भरलेल्या चार वाट्यांत ठेवलेले होते. त्यानं घोडी उचलून भिंतीला लावली, एकेक वाटी पालथी केली आणि चारी एकात एक घालून रूपालीच्या हातात दिल्या. कोगनोळीला जायला सकाळी सहाची बस होती. त्याला पिशवी भरायची होती.

वाट्या घरातल्याच होत्या. रूपालीनं त्यांच्या बुडाचं शेवाळ राखेनं घासून काढलं, त्या धुतल्या आणि फळीवर बाकीच्या वाट्यांत लावून टाकल्या.