डाव्या इंजिनाचा पेपर

कंपनीच्या वैमानिकांची दर सहा महिन्यांनी परीक्षा होई आणि दर सहा महिन्यांनी सगळे पास होत. असा निकाल बालवाडीचासुद्धा लागत नाही. स्वागतकक्षात तर चौकटीत लावलंच होतं: 'बारा वर्षं, शंभर टक्के'. खाली एक हसरं विमान.

या यशाचं मूळ मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यांचंच पाप होतं. मास्तर म्हणजे कंपनीचे परीक्षक. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात, वैमानिकांच्या पाठीमागे बसून ते बटणं दाबत आणि संकटं आणत. बारा वर्षांपूर्वी सिम्युलेटरची वेळ चार तासांवरून दोनवर आली, तेव्हा घाईघाईने त्यांनी संकटांचा क्रम एका कागदावर लिहून काढला: उड्डाण, चाकं जमीन सोडताच डावं इंजिन बंद, एक फेरी, एका इंजिनावर उतरणं, चहा. कागदाची झेरॉक्स निघाली, झेरॉक्सची झेरॉक्स निघाली, मग फोटो मोबाईलवर फिरला. डावं इंजिन गेलं की विमान डावीकडे ओढतं, ते उजव्या पायाने सरळ धरायचं, एवढी ती विद्या. पोरं धावपट्टीवरच उजवा पाय रोवून बसत. एकाने तर इंजिन बंद पडायच्या आधीच "गेलं डावं!" म्हणून आरोळी ठोकली होती. मास्तरांनी शेरा मारला होता, 'प्रसंगावधान उत्तम'.

त्या सोमवारी परीक्षेला त्यांचा सख्खा मेहुणाच होता. कॅप्टन, वय बेचाळीस, बुधवारपासून डोंगरातल्या आखूड धावपट्टीचा नवा मार्ग मिळालेला. आजचा फॉर्म सही होऊन गेला की झालं.

"त्याला उगाच छळू नका," बायकोने सकाळीच बजावलं होतं. "तो काय आज विमान उडवायला शिकतोय?"

"तेच बघायचंय," मास्तर म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

त्याला कारण होतं. शनिवारी हँगरमध्ये मेकॅनिकने त्यांना बोटावर घेऊन काळं तेल दाखवलं होतं. तेलात धातूचा चुरा चमकत होता, म्हणजे इंजिन आतून झिजत होतं. इंजिन उजवं होतं.

"मास्तर, याला तुमचा कागद कुणी दाखवला नाही वाटतं," मेकॅनिक म्हणाला होता.

अकरा वाजता मेहुणा डाव्या खुर्चीत ऐसपैस बसला. शेजारी को-पायलट, नोकरीला दोन वर्षं झालेली मुलगी.

"भाऊजी, तासाभरात उरकू. ताईकडेच जेवायला येतोय."

"आधी उड्डाण कर."

पडद्यावरची धावपट्टी मागे पळू लागली. चाकं सुटली. मास्तरांनी बटण दाबलं. उजवं.

विमानाचं नाक उजवीकडे वळलं आणि मेहुण्याने सवयीने, आत्मविश्वासाने, जीव खाऊन उजवाच पाय दाबला. विमान आणखी उजवीकडे फिरलं. मग त्याने तितक्याच रुबाबात डावं इंजिन बंद केलं. अकरा सेकंदांनी पडदा लाल झाला आणि सिम्युलेटर गप्प झाला.

"मशीन बिघडलंय तुमचं," मेहुणा म्हणाला.

"मशीन ठीक आहे."

"अहो, डावं बंद केलं ना मी! पद्धतीप्रमाणे!"

"केलंस. तेवढं एकच चालू होतं."

को-पायलट मुलगी हळूच म्हणाली, "सर, उजवंपण बंद पडतं का?"

मास्तरांना एकदम बारा वर्षं दमल्यासारखं वाटलं.

"पुन्हा द्या," मेहुणा गुरगुरला. या वेळी त्याने डावा पाय आधीच रोवून ठेवला. मास्तरांनी डावं इंजिन बंद केलं. पडदा पुन्हा लाल.

"ही शुद्ध फसवणूक आहे!" म्हणत मेहुणा पट्टा काढून थेट वरच्या मजल्यावर गेला. प्रशिक्षण विभागाच्या साहेबांकडे.

पाच मिनिटांत मास्तरांना बोलावणं आलं.

"मास्तर, तुम्ही अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलंत म्हणे," साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले.

"साहेब, विमानाला इंजिनं दोन आहेत."

"असतील. पण आपण तयारी एकाची करून घेतो. उगाच मुलांवर ताण येतो."

"मुलगा बेचाळीसचा आहे."

"आणि घरचा आहे. सही करा आणि विषय संपवा." साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. मास्तरांनी तो वरखाली पाहिला. 'नापास' असा चौकोनच त्यावर नव्हता. कधी लागत नाही म्हणून मागच्या छपाईत गाळला होता. मास्तरांनी पेन काढलं, समासात स्वतःच चौकोन आखला, त्यात खूण केली आणि खाली सही केली.

साहेबांनी तो फॉर्म दोन बोटांनी बाजूला सारला. "हे तुम्हाला शोभत नाही. काही हरकत नाही. दुसरे परीक्षक आहेत, त्यांची सही फार पटकन होते." त्यांनी कोरा फॉर्म काढून मेहुण्यापुढे धरला. "कॅप्टन, हा घेऊन त्यांच्याकडे जा. बुधवारी निघा."

मेहुण्याने फॉर्म घेतला. दारापर्यंत गेला. तिथे थांबला.

"साहेब, त्या डोंगरातल्या पट्टीवरून सुटलं की उजव्या हाताला कडा आहे."

"मग?"

"काही नाही. सुंदर आहे." तो फॉर्म हातात फिरवत राहिला. "साहेब, बुधवारी दुसरं कुणीतरी पाठवा."

"कारण काय लिहू?"

"मला येत नाही, असं लिहा."

साहेबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर सभेत सदरा काढला. "असं कारण रजेच्या यादीत नाही, कॅप्टन. माझ्या नोकरीत आजवर एकाही वैमानिकाने इतकं बेजबाबदार विधान केलेलं नाही." शेवटी त्यांनी स्वतःच 'पाठदुखी' लिहिलं आणि शंभर टक्के शाबूत राहिले.

खाली सिम्युलेटरची चाळीस मिनिटं शिल्लक होती. को-पायलट मुलगी जागेवरून हललीच नव्हती. मेहुणा मुकाट्याने खुर्चीत बसला, पट्टा लावला आणि दोन्ही पाय पेडलवर सारखे ठेवले.

"कुठलं देणार, भाऊजी?"

"नाही सांगणार."

"ताईला काय सांगणार?"

"ते मलाही माहीत नाही."

धावपट्टी मागे पळू लागली. मास्तरांचं बोट दोन बटणांच्या मधोमध थांबलं, मग एकावर पडलं. मेहुणा क्षणभर नुसता बघत राहिला आणि मग त्याने पाय दाबला. पडदा लाल झालाच, पण वीस सेकंदांनी. पाय मात्र बरोबर होता.

"उशीर झाला," मेहुणा कपाळ पुसत म्हणाला. "पुन्हा."